दोन सूर्यांचा आळ

या, असे जवळ सरका. शेगडीपाशी अजून एक जागा आहे. कानानं जे अधू असतील त्यांनी ती घ्यावी. आज एका बाईची गोष्ट सांगते. भरल्या सभेत तिच्यावर आळ आला, की हिनं एका आकाशात दोन सूर्य उगववले. देवानं एक केला, हिनं दोन केले म्हणे! आणि खरी गोम पुढंच आहे. बाई तोंड मिटून बसली असती तर आळ कुणावर आला हे कुणाला कळलंही नसतं.

तिचं नाव मोर्फिद प्रॉबर्ट. लिव्हरपूलच्या पलीकडच्या डोंगराळ मुलखात, लिन हेलिग तळ्याच्या काठी, चॅपेलकडं चढत जाणाऱ्या रस्त्यावर, तिच्या नवऱ्याचं फोटोचं दुकान. नवरा इदवाल मोठा लाघवी. रडकं पोरही त्याच्या कॅमेऱ्यापुढं खुदकन हसायचं. तेव्हा फोटो आधी काचेवर उमटवत. तो पुढं काच धरायचा, आणि मागच्या अंधाऱ्या खोलीत मोर्फिद ती धुवायची, कागदावर छापायची. अकरा वर्षं तिच्या बोटांवरचा औषधाचा काळा डाग गेला नाही.

आता त्या काळच्या काचांची एक खोड होती. डोंगर नीट उमटावा एवढा वेळ कॅमेऱ्याचं झाकण उघडं ठेवलं, की वरचं निळं आकाश पार करपून जायचं. फोटोत डोंगराच्या वर नुसता पांढराफटक कागद. गिऱ्हाइकाला वाटायचं, फोटो अर्धाच काढला. म्हणून हा धंदा करणारे सगळेच घरात एखादा ढग बाळगून असत. कुठंतरी सापडलेला चांगला ढग वेगळ्या काचेवर धरून ठेवायचा आणि येईल त्या फोटोवर वरून छापून द्यायचा. इदवालनं आपला ढग लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात समुद्रावर पकडला होता. पसरलेल्या पंखासारखा, डाव्या कडेनं उजळलेला. तोच ढग गावातल्या झाडून सगळ्या लग्नांवर होता, शाळेच्या पोरांवर होता, बक्षीस मिळवलेल्या वळूवरही होता. कधी तो काच पालटून ढगाचं तोंड उजवीकडं करायचा, एवढाच फरक. कुणाच्या लक्षात आलं नाही. आपल्या फोटोत माणूस आपलं तोंड बघतो, ढग कोण बघतो?

हे असंच चाललं असतं. पण थोरले पाळक वारले. पन्नास वर्षं त्या माणसानं खोऱ्याला उपदेश केला होता. शवपेटीमागं तीन गावं चालली. इदवालनं कबरस्तानाच्या दारातला फोटो काढला. त्या दिवशी ऊन होतं, आकाश लख्ख. दुकानी आल्यावर हाताच्या सवयीनं त्यानं वर आपला ढग बसवला. आणि लोकांनी तो फोटो पाहिला, तो शवपेटीवर पंख पसरलेला! बाया हुंदके देऊ लागल्या. स्वर्गातून दूत न्यायला आला, लोक म्हणाले. फोटो चौकटीत घालून चॅपेलच्या शाळेच्या खोलीत टांगला, आणि नवे पाळक इल्टिड पॅरी दर वर्षी त्या पुण्यतिथीला त्या पंखावर उपदेश करू लागले.

काय सांगू तुम्हाला इल्टिड पॅरींचा उपदेश! सुरुवातीला आवाज इतका खाली, की बाकावरची माणसं कान टवकारून पुढं झुकायची. मग शब्द हळूहळू चालू लागायचे, मग पळू लागायचे, आणि एका क्षणी बोलणं संपून गाणं सुरू व्हायचं. कधी सुरू झालं ते कळायचं नाही. तिकडं म्हणतात, पाळकांना हुइल चढली. हुइल चढली की छताच्या तुळया घुमायच्या, आणि खालून म्हातारे मेंढपाळ ‘आमेन’चा ठेका धरायचे. मोर्फिद पहिल्या बाकावर बसून ढसाढसा रडायची. तिच्या रडण्यात अर्धी भक्ती होती. उरलेल्या अर्ध्याचं नाव तिला घेववत नव्हतं. एकदा तिनं इदवालला म्हटलं, की सांगून टाकू या. तो म्हणाला, लोक रडतायत तर रडू दे की, मी देवाचं काय उचललं? मनात पाप नव्हतं त्याच्या. पुढच्याच वर्षी छातीच्या दुखण्यानं तो गेला, आणि ती गोष्ट एकट्या मोर्फिदच्या गळ्यात राहिली.

त्या हिवाळ्यात तिनं चॅपेलमध्ये डोकं टेकून मनाशी ठरवलं, की आता उसनं आकाश छापणार नाही. एकदा तरी, वर आहे ते आणि खाली आहे ते, दोन्ही एकाच काचेवर धरीन. ठरवणं सोपं होतं. उन्हाळाभर तिनं काचा फुकट घालवल्या. मग तिच्या ध्यानात आलं, की आकाश करपतं ते उजेडानं. वादळात आकाशही पाण्याइतकंच काळं असतं. तिथं दोघं एका काचेवर मावतील. झालं! गाव आभाळ बघून कपडे आत घ्यायचं तेव्हा ही कॅमेऱ्याची तिपाई बाहेर काढायची. तिची नणंद तेगवेन खिडकीतून बघायची आणि शेजारणीला सांगायची, की वादळ आलं की लोकांच्या कोंबड्या घरात येतात, आमची वहिनी बाहेर पडते.

ऑक्टोबरात एका शनिवारी दुपारपासूनच नैर्ऋत्येचा वारा घोंगावत होता. मोर्फिद कॅमेरा पाठीला बांधून तळ्याच्या दक्षिण टोकाला गेली, नावा ओढून ठेवतात तिथं. तिपाई उडू नये म्हणून आपल्या शालीत मोठा धोंडा बांधून तो मधोमध टांगला. काचा दोनच होत्या. पहिली वाऱ्याच्या एका झपाट्यानं हलली, वाया गेली. मग पाऊस आला. ती कॅमेऱ्यावर काळं कापड आणि कापडावर स्वतः, अशी ओणवी होऊन उभी राहिली. समोर तळं शाईसारखं, पलीकडचा डोंगर नाहीसा झालेला. तिला चॅपेलची आठवण झाली. उपदेश असाच असतो, आधी बराच वेळ नुसता काळोख आणि गुरगुर, आणि कुणाला चढणार की नाही हे कुणाच्याच हातात नसतं.

सूर्य बुडायच्या बेतात होता, आणि डावीकडं, पश्चिमेला, ढगांखाली एक फट पडली. ढगांची पोटं पेटली. पाणी काळंच राहिलं. तिनं झाकणाला हात घातला, पण का कोण जाणे, थांबली. दुसऱ्याच क्षणी उजव्या अंगाचा ग्रेग लास कडा, पावसानं न्हाऊन गुळगुळीत झालेला तो उभा निळा खडक, आरशासारखा चमकला, आणि त्यानं तो सगळा उजेड परत तळ्यावर फेकला. उजवीकडचं पाणी पांढरं झालं. पिवळा उजेड त्या काचांना उशिरा दिसतो, हे ती जाणून होती. तिनं झाकण काढलं आणि एका भजनाचं आख्खं कडवं म्हणायला घेतलं. घड्याळापेक्षा तिचा भरवसा भजनावर होता. वाऱ्यानं तेवढ्यापुरता श्वास धरला. शेवटच्या शब्दाला झाकण बसलं, आणि ते बसतंय तोवर कडा विझला.

काच धुतली तेव्हा ती खोलीत एकटी होती. ढग कडेकडेनं जळताहेत, लाटा पिंजलेल्या लोकरीसारख्या विरघळल्यात, आणि उजवीकडून पाण्यावर तो उजेड. सांधा नाही, जोड नाही. ती गुडघ्यांवर बसली आणि बराच वेळ उठली नाही.

आता सभेकडं येऊ. उन्हाळ्याच्या तोंडाशी, पेंटेकॉस्टच्या सणाच्या सोमवारी चॅपेलच्या शाळेच्या खोलीत गाण्याचा, कवितांचा, कलांचा मेळा भरायचा. तिकडं त्याला आइस्टेदवोद म्हणतात. चढाओढीत जो उतरेल त्यानं टोपणनावानं उतरायचं आणि खरं नाव बंद पाकिटात द्यायचं. परीक्षक सगळ्यांसमोर एकेकाच्या चुका वाचतो, आणि शेवटी जिंकणाऱ्याचं टोपणनाव पुकारलं की फक्त त्यानंच उभं राहायचं. बाकीचे आपली फजिती खिशात घालून गुपचूप घरी जातात. परीक्षकाच्या शब्दाला उलटून बोलायची रीत नाही. बापजन्मात कुणी बोललं नव्हतं.

त्या वर्षी पहिल्यांदाच फोटोंची चढाओढ ठेवली होती आणि परीक्षक आणले होते लिव्हरपूलहून, होराशियो पॉवेल. छातीवर साखळी, मिशीला मेण. खुर्चीवर बसण्याआधी त्यांनी भिंतीवरचा तो शवयात्रेचा फोटो न्याहाळला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, की असा ढग देव आयुष्यात एकदाच देतो. अध्यक्ष होते पाळक पॅरी. त्यांना भरून आलं. तिसऱ्या बाकावर मोर्फिदनं मान खाली घातली.

सफरचंदांच्या टोपलीचा फोटो झाला, पडक्या किल्ल्याचा झाला, मग पॉवेलसाहेबांनी दोरीवर टाचलेल्या तळ्याच्या फोटोकडं छडी रोखली. टोपणनाव होतं ‘पाणकोंबडी’. नावालाच लोक हसले.

पॉवेल म्हणाले, “या पाणकोंबडीचा हात चांगला बसलाय. पण ढग बघा, डावीकडून उजळलेत. म्हणजे सूर्य डावीकडं. आणि पाणी? पाणी उजवीकडून. सृष्टिकर्त्याचं एका सूर्यात भागलं. या बाईंचं की बुवांचं दोन सूर्यांशिवाय भागेना. हे आकाश दुसरीकडचं आहे, मंडळी. चोरीचं आकाश.”

खोली खदखदून हसली. तेगवेननं मात्र फोटो ओळखला होता. तिनं मोर्फिदचं मनगट धरलं आणि कुजबुजली, की वहिनी, गप्प राहा, कुणाला ठाऊक नाही.

खरंच होतं ते. कुणालाच ठाऊक नव्हतं. तासाभरात लोक चहाला उठले असते, पाकीट न उघडता जळालं असतं, आणि उद्या दुकान रोजच्यासारखं उघडलं असतं. पण मोर्फिदला वाटलं, आता बसून राहिले तर त्या संध्याकाळी तो उजेड पडलाच नव्हता, असं मीच म्हटल्यासारखं होईल. त्या उजेडाला दुसरं कोण आहे? तिनं मनगट सोडवून घेतलं आणि ती उभी राहिली.

“पाणकोंबडी मी,” ती म्हणाली.

सगळी डोकी तिच्याकडं वळली. पाळक खुर्चीतून अर्धवट उठले आणि समजुतीनं म्हणाले, की मोर्फिदबाई, रीत तुम्हाला ठाऊक आहे, बसून घ्या. ती म्हणाली, बसेन, पण आधी साहेबांनी चोरीचा शब्द परत घ्यावा. बक्षीस सफरचंदांना द्या, मला नको. शब्द घ्या परत.

जिंकणाऱ्याला काच दाखवावी लागते, म्हणून सगळ्यांनीच काचा बरोबर आणल्या होत्या. तिनं आपली फडक्यातून काढून टेबलावर ठेवली. पॉवेलसाहेबांनी ती खिडकीशी धरली, उलटी केली, सुलटी केली. काच एकच होती. त्यांचे कान लाल झाले, पण माणूस मागं हटेना. म्हणाले, दोन काचांवरून कागद छापायचा आणि त्या कागदाचा पुन्हा नव्या काचेवर फोटो काढायचा, हेही कसबी हाताला जमतं. जोड कुठं आहे आणि कुठं नाही, हे या खोलीत कोण सांगणार?

“मी सांगेन,” मोर्फिद म्हणाली. “अकरा वर्षं मीच जोडत होते.”

तेगवेननं डोळे मिटले. मोर्फिद बाकांमधून पुढं आली, टेबलाला वळसा घालून भिंतीपाशी गेली, आणि तिनं शवयात्रेच्या फोटोच्या काचेवर बोट ठेवलं. 

“साहेब, तुमचाच नियम इथं लावा. ढग डावीकडून उजळलाय. मग माणसांच्या सावल्या उजवीकडं पडायला हव्यात. बघा कुठं पडल्यात. आणि ही डोंगराच्या कडेनं केसाएवढी पांढरी रेघ दिसते? तो सांधा. हा ढग समुद्रावरचा आहे. माझ्या नवऱ्यानं धरला आणि मी बसवला. तुमच्यातल्या प्रत्येकाच्या बैठकीत तो टांगलेला आहे. घरी जाऊन बघा. लुइसांच्या वळूवरही हाच पंख आहे.”

मागून कुणीतरी हसायला गेलं आणि घशातच थांबलं. मग गलका उठला. एक म्हातारा ओरडला, की मेलेल्या नवऱ्याला लाज आणतेस? दुसरी म्हणाली, देवाच्या माणसाच्या मयतीची थट्टा केलीत की गं. मोर्फिद सगळं ऐकत भिंतीपाशी उभी राहिली. रडली नाही, की खाली मान घातली नाही. इदवालनं कुणाला फसवावं म्हणून केलं नाही, एवढंच ती म्हणाली. फोटो सुंदर दिसावा म्हणून केलं, आणि पुढं सांगायचं धाडस दोघांनाही झालं नाही. यात चोरी असेल तर ती इथं आहे, माझी आहे. त्या तळ्यात नाही.

पाळक पॅरींनी उठून ती चौकट स्वतःच्या हातानं खाली काढली. खिडकीपाशी नेली. सावल्यांवरून बोट फिरवलं, एकदा, दोनदा. मग चौकटीवरची नजर न काढता ते म्हणाले.

“तीन वर्षं मी याच्यावर उपदेश केला.”

“केलात,” मोर्फिद म्हणाली, “आणि मी पहिल्या बाकावर बसून रडले. उपदेश खरा होता, पाळकबाबा. ढग खोटा होता.”

मग ती लोकांकडं वळली आणि तिनं विचारलं, की पाऊस सरल्यावर संध्याकाळी ग्रेग लास चमकतो आणि तळं उजवीकडून उजळतं, हे कुणी पाहिलंय? आता बघा हं. त्या खोलीतल्या निम्म्या माणसांनी ते जन्मभर पाहिलं होतं. पण परीक्षकाला खोटं पाडायचं नसतं, आणि शिवाय आता सगळे दुखावलेले होते. कुणी टोपीकडं बघू लागलं, कुणी बुटांकडं. मोर्फिद एकटी उभी आणि समोर नुसती डोकी. त्या घटकेला तिला वाटलं, संपलं.

तेवढ्यात दारापाशी, अगदी शेवटच्या बाकावर, मालेनआजी उठली. पलीकडच्या उतारावर वीस-पंचवीस मेंढ्या राखून राहणारी एकटी म्हातारी. चालता-बोलता पायमोजे विणायची, तशी आताही सुया हातातच होत्या. मेळ्याला ती गाण्यासाठी येई, आणि तिनं सभेत तोंड उघडल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं.

“मी पाहते,” ती म्हणाली. “वादळ ओसरलं की कडा पेटतो. सूर्य इकडं आणि माझ्या मेंढरांच्या पाठी तिकडून उजळतात. आता त्याला दोन सूर्य म्हणा नाहीतर चार.”

पॉवेलसाहेबांनी विचारलं, आजीबाईंना फोटोतलं काही कळतं का.

“नाही बाबा. तुला मेंढरांतलं कळतं?”

या वेळी हसू फुटलं ते वेगळं होतं. एक मेंढपाळ ‘मीही पाहिलंय’ म्हणत उठला, मग त्याचा भाऊ. मग बाकांमधून सहा-सात जण. सगळे उठले असं मी म्हणणार नाही. बरेचसे बसूनच राहिले, आणि काही त्या दिवशी चहा न घेताच निघून गेले. पॉवेलसाहेब अखेर म्हणाले, की निकाल बदलत नसतो, पण ‘चोरीचं’च्या जागी मी ‘शंकास्पद’ लिहीन. मोर्फिदनं दोरीवरचा आपला फोटो टाचणी काढून उतरवला, काच फडक्यात गुंडाळली आणि म्हणाली, की शंका तुमची आहे साहेब, ती तुमच्याजवळ ठेवा, उजेड मी घरी नेते. आणि मधल्या वाटेनं, कुणाची नजर न चुकवता, चालत बाहेर पडली.

बक्षीस सफरचंदांना मिळालं. तेगवेन नाताळपर्यंत बोलली नाही. काही लग्नं पुढच्या गावच्या फोटोवाल्याकडं गेली. त्याच्याकडं ढग होता. मोर्फिदनं दुकानाच्या खिडकीत तळ्याचा फोटो लावला आणि खाली लिहिलं, की इथं वर असेल तेच आकाश मिळेल. उन्हात आलात तर कोरं मिळेल. कुणी गयावया केली, की अगं एक लहानसा तरी टाक, तर ती म्हणायची, मग पावसात या. आणि ऐका, दोन जोडपी खरोखर पावसात आली.

आणि पाळक? त्या वर्षीच्या पुण्यतिथीला चॅपेल खच्चून भरलं, निम्मे लोक फजिती बघायला. इल्टिड पॅरी उभे राहिले. आवाज खाली, अगदी खाली. त्या दिवशी आकाशात काहीच नव्हतं, ते म्हणाले. पंख नव्हता, खूण नव्हती. काही नव्हतं, आणि तरी आपण तिन्ही गावं त्या माणसाच्या मागं चाललो. मग शब्द चालू लागले, पळू लागले, आणि हुइल अशी चढली, की पुन्हा तशी ऐकली नाही असं म्हातारे सांगतात. मोर्फिद पहिल्या बाकावर होती. तिचं रडणं आता सगळंच्या सगळं एका जातीचं होतं.

मोर्फिदची आठवण ठेवायला तिनं काढलेले तळ्याचे फोटो आहेत. वादळ म्हटलं की ती पुढची वीस वर्षं बाहेर पडली. पाळकांची आठवण चॅपेल ठेवतंच. पण मालेनआजी त्याच हिवाळ्यात बर्फात सापडून वारली. तिचा फोटो कुणापाशी नाही, ती कधी कॅमेऱ्यासमोर बसलीच नाही. दुसरा, तिसरा, सातवा उठला त्यांची नावं लोक सांगतात. एकदा कुणी उठल्यावर उठणं जमतं. तेव्हा माझी एवढीच विनंती आहे. घरी जाऊन आज हात जोडाल, तेव्हा सुया हातात घेऊन पहिल्यांदा उठलेल्या त्या म्हातारीचं नाव एकवार घ्या. मालेन तिचं नाव.